कड्याचा जबाब

खाणीचा कडा थोरल्याच्या अंगावर आला त्याला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत पाथरवटांच्या वस्तीत चार डोकी फुटली, एकाचा कान अर्धा तुटला, ठरलेल्या दोन सोयरिकी मोडल्या. कारण एवढंच, की खाण-कार्यालयाच्या कागदात एक ओळ होती. अपघाताच्या बारा दिवस आधी एका अनुभवी कामगाराने कडा सुरक्षित असल्याचा जबाब दिला होता, सबब मृत्यू मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. अनुभवी कामगार कोण, ते लिहिलं नव्हतं. वस्तीत अनुभवी म्हणावेत असे सगळे मिळून आठ-नऊ जण. मग काय, जो तो दुसऱ्याला पाण्यात पाहू लागला.

थोरल्याच्या बायकोने माहितीचा अर्ज टाकला. तिला घबाड नको होतं. दोर बांधल्याशिवाय कड्याखाली पाय न टाकणारा तिचा नवरा, त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' लागलेलं तिला पुसून हवं होतं, आणि पुसायचं तर आधी तो जबाब कुणाचा ते कळायला हवं होतं. कार्यालयाने अर्ज फेटाळला. नाव उघड केलं तर जबाब देणाऱ्याच्या जिवाला धोका आहे म्हणे. हे उत्तर वाचून दाखवलं तेव्हा मयताचा पाठचा भाऊ, ज्याला सगळे धाकटा म्हणत, तो चारचौघांत म्हणाला, "बरोबर लिहिलंय. तो धोका म्हणजे मी."

अपील चालवायला घरचीच पोर होती. दोन भावांच्या मधली. लहानपणी खडी फोडून वह्या घेतल्या, पुढे परक्यांच्या घरी भांडी घासत कायदा शिकली. वस्तीत तिला वकीलबाई म्हणत, निम्मे कौतुकाने, निम्मे खवचटपणे. आपणही तेच म्हणू.

मागच्या तारखेला माहिती आयोगाच्या साहेबांनी एक तोडगा काढला. कागद अर्जदाराला दाखवायचा नाही, पण अर्जदाराच्या वकिलाने एकटीने बसून पाहावा, कुणाला सांगणार नाही अशी शपथ लिहून द्यावी, आणि पुढच्या तारखेला बंद दाराआड बोलावं. कार्यालयाचा वकील उसळून उठला. "ही मयताची सख्खी बहीण आहे साहेब. हिला दाखवणं म्हणजे दवंडी पिटणं."

साहेबांनी चष्मा काढला. "काय हो, घरी सांगाल?"

"नाही."

"वहिनीने विचारलं तर? तीच अर्जदार आहे."

"नाही सांगणार."

हे ती मान ताठ करून म्हणाली. डोक्यावर ओझं नसलं की मान ताठ ठेवायला काही लागत नाही.

अभिलेख खोली तळमजल्यावर होती. गजाची खिडकी, फाटक्या रेक्झिनचं टेबल, खडखडणारा पंखा. तिथल्या बाईने वकीलबाईचा फोन, पेन, पिशवी काढून घेतली, शपथपत्रावर सही घेतली आणि समोरच मटार सोलत बसली. अर्धा तास होता. फाईल जाडजूड, पानं क्रमाने शिवलेली. एक्केचाळिसाव्या पानावर जबाब होता, सहा ओळींचा, अक्षर कारकुनी. कडा ठोकून पाहिला, खणखणीत वाजतो, तडा नाही, अनुभव तीस वर्षांचा. खाली सही.

सही तिने आधी ओळखली, नाव मागून वाचलं. तिनेच शिकवली होती ती, पाचवीत असताना, अंगणातल्या भुकटीत बोटाने काढून. शेवटच्या अक्षराची काठी खालून वर न्यायची खोड तेव्हा तिची होती. तिची पुढे शाळेत मोडली. बापाची राहिली.

"पाणी देऊ का?" मटारवाल्या बाईने विचारलं.

"नको."

"अजून वीस मिनिटं आहेत तुमची."

"पाहून झालं."

बाहेर येऊन ती कार्यालयाच्या मोरीवर गेली, नळ सोडला. मग तोंड धुतलं. बापाचा तिला इतका राग आला की तो समोर असता तर तिने त्याच्या तोंडावर ओरबाडलं असतं. आणि त्या रागाखाली भीती होती, ती रागाहून मोठी. धाकट्याला कळलं तर तो बापाला जिवंत ठेवणार नव्हता. कार्यालयाने ठोकून दिलेलं कारण अगदी खरं निघालं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी असते, दगडाला नसते. रस्त्याच्या कडेला बसवायच्या दगडांचं काम घरावर होतं आणि पाऊस लागायच्या आत ते उरकायचं होतं. थोरल्याचे दोन हात कमी झालेले, म्हणून वकीलबाई सुट्टीभर घरी येऊन छिन्नी धरत होती. ती परतली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. अंगणात पत्र्याच्या सावलीत बाप दगडाची कड काढत बसलेला. त्याला खाणीत सगळे 'वैद्य' म्हणत. दगडाला सुतकीने, म्हणजे छोट्या हातोडीने, एकदा ठोकलं की तो सांगायचा, आत तडा आहे की नाही. बापाचा शब्द खाणीत शेवटचा.

धाकटा दगड उलटत होता. त्याने पहार टाकली. "पाहिलास कागद?"

"पाहिला."

"कोण?"

"सांगता येणार नाही."

"कुणाला? मला?"

"कुणालाच. शपथ घेतलीय."

वहिनी चुलीपुढून उठून आली. तिचे हात राखेचे होते. "वन्सं, मी तुमची पक्षकार ना?"

"हो."

"मग माझा कागद मला का नाही सांगायचा?"

"आत्ता सांगितलं तर अपील जाईल, वहिनी. कागद कायमचा बंद होईल. तारखेला नऊ दिवस आहेत. तोवर धीर धरा."

यातला शब्द न् शब्द खरा होता. खरं बोलूनही लपवता येतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि आपण ते किती सफाईने करतो हे पाहून तिला स्वतःची किळस आली.

"आठ महिने काय केलं मग? धीरच धरला ना?" वहिनी म्हणाली. "तुमचा काळा कोट तुमच्या भावापेक्षा मोठा झाला."

धाकट्याला बोलण्याचा कंटाळा आला असावा. त्याने वकीलबाईची वेणी मुठीत धरली आणि तिला भिंतीवर आपटलं. घर बिनगिलाव्याच्या दगडाचं, तिचं कपाळ फुटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिला फक्त बापाच्या छिन्नीचा आवाज ऐकू येत होता. टक, टक, टक. तो थांबला नव्हता. वहिनी जागची हलली नाही.

"नाव."

"नाही."

तिसऱ्यांदा आपटलं. मग बाप म्हणाला, वर न पाहता, "सोड तिला."

धाकट्याने सोडलं. बापाचा शब्द घरातही शेवटचाच होता.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोलेना. ताटात भाकरी पडायची, पण ढकलून. पाण्याची कळशी ती गेली की रिकामी असायची. तिने कपाळाला फडकं बांधलं आणि कामाला बसली. वर्षानुवर्षं कागद धरलेले हात, दोन दिवसांत तळव्यांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. छिन्नीच्या दांड्याला रक्त लागून ती निसटायची. एकदा निसटून तिच्याच पोटरीत गेली. धाकट्याने पाहिलं आणि हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आणि वहिनी तयार दगड पोचवायला गाडीबरोबर गेले. अंगणात बाप-लेक दोघंच राहिली. बापाने सुतकी खाली ठेवली. उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून त्याने पाय लांब केला.

"तू पाहिलंस," तो म्हणाला.

"मी काही पाहिलं नाही."

"तुझ्या कपाळावरच्या फडक्याची शपथ, मला त्याच संध्याकाळी कळलं. तू आल्यापासून मला 'बाबा' म्हणून हाक मारली नाहीस."

ती दगड घासत राहिली.

"मुकादम आला होता बोलवायला. तपासणीवाला साहेब गाडीत बसलेला, काच वर करून. उन्हात उतरला नाही. मुकादम म्हणाला, वैद्य, तुम्ही ठोकून सांगा, साहेबांना जायचंय. मी ठोकलं. खालून, पोहोचेल तिथवर. घंटेसारखा वाजला गं. वरून ठोकायचं तर चढायला हवं होतं. या गुडघ्यात आदल्या दिवशीपासून कळ होती." तो थांबला. "म्हणायला हवं होतं, मी वर गेलो नाही. पण सगळे उभे होते भोवती, मुकादमाची चार माणसं. वैद्याला चढवत नाही, हे त्यांच्यापुढे कसं म्हणू? सही केली."

"बाबा, मला हे ऐकायचं नाही. मी ऐकू शकत नाही. तुम्ही सांगताय म्हणजे मी हो म्हटल्यासारखं होतं."

"मग मी कुणाला सांगू?"

"जिला सांगायला हवं तिला. वहिनीला."

"ती थुंकेल."

"थुंकू द्या."

"आणि तो?" बापाने गाडी गेली त्या दिशेला मान वळवली. "तो काय करेल?"

एक लेक दगडाखाली गेला, आता दुसऱ्याने बाप मारून फासावर जावं, हे वकीलबाई कोणत्या तोंडाने मागणार? आपलेच दात न् आपलेच ओठ, चावून रक्त आलं तरी तक्रार कुणाकडे करायची?

"मी मेलो असतो त्याच्या जागी तर बरं," बाप म्हणाला.

"ते सगळेच म्हणतात," ती म्हणाली. इतकं टोचून बोलायचं तिच्या मनात नव्हतं. बापाने सुतकी उचलली आणि पुन्हा कामाला लागला.

पाचव्या दिवशी उन्हाने कहर केला. पत्रा तापून कडकड वाजत होता. पोचवायच्या आधी दगडांची रांग लावून एकेक ठोकून पाहायचा होता, तडा गेलेला बाजूला काढायचा. ते काम एरवी बापाचं, पण त्या दिवशी त्याचा गुडघा टम्म सुजला होता, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला आणि धाकट्याने सुतकी घेतली. वकीलबाई त्याच्या समोर, दगड पुढे सरकवायला. बाप तिच्या उजव्या हाताला, हातभरावर.

धाकट्याने एक दगड ठोकला. खण वाजला. तो दगडाकडे पाहत नव्हता, बहिणीकडे पाहत होता.

"दोरवाला," तो म्हणाला.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो तिला ठोकत होता. एकेक नाव मारायचं आणि कुठे बद्द वाजतं ते पाहायचं. ती पाथरवटाचीच लेक, तिनेही चेहऱ्याचा दगड केला आणि पुढचा ढकलला.

खण. "बोळका म्हातारा."

तिने पापणी हलू दिली नाही.

खण. "सुरुंगवाला."

"तू वेडा झालास," ती म्हणाली. आवाज नीट निघाला.

खण. "पाणक्याचा बाप." खण. "तिरळा." खण. "तिरळ्याचा भाऊ."

नावं संपत आली होती. तिला एकाच नावाची धास्ती होती, आणि ते धाकट्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, मेलेल्याच्या बापावर कोण संशय घेतो? तिने श्वास सोडला. नेमका त्याच वेळी बाप भिंतीला धरून उठायला लागला. त्याच्या तोंडून काहीतरी निघत होतं, शब्द की कण्हणं ते कळेना, पण तो आता बोलणार असं तिला वाटलं आणि तिचा हात आपोआप त्याच्या पायाकडे गेला, त्याला खाली बसवायला. दगड तिच्या मांडीवरून घसरून पायावर पडला.

धाकटा तेव्हा म्हणत होता, "लोहार."

दगड ठोकायचा तर तो शेजारच्या दगडापासून सुटा करून ठोकायचा, हे या घरात दुधाचे दात पडायच्या आत शिकवतात. चिकटून ठेवलेल्या दगडाला ठोकलं तर शेजाऱ्याचा तडा याच्यात वाजतो. धाकटा ते विसरला. त्याने पाहिलं एवढंच, की लोहाराचं नाव घेतलं आणि बहीण फुटली.

"लोहार," तो पुन्हा म्हणाला, हळू. मग सुतकी टाकून त्याने कोपऱ्यातला घण उचलला.

"अरे नाही, थांब," ती म्हणाली. पण पाय दगडाखाली होता. तो सोडवेपर्यंत धाकटा फाटकाबाहेर गेला होता.

लोहाराची भट्टीची झोपडी वस्तीच्या टोकाला होती. खाणीतल्या सगळ्या छिन्न्या त्याच्याकडे धार लावायला येत. बडबड्या माणूस, टक्कल घामाने सदा चकाकणारं. कडा पडला त्या दिवशी थोरल्याच्या अंगावरचा दगड उचलायला पहिली पहार त्याने घातली होती आणि बोटांची सालं निघेपर्यंत उपसत बसला होता. धाकटा दारात उभा राहिला तेव्हा तो भात्यापुढे वाकलेला. "काय रे, छिन्न्या उद्या म्हणालो होतो ना?" तो म्हणाला. "तुला दम म्हणून निघत नाही."

घणाचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बाहेर आला. लोहार गुडघ्यावर पडला, तोंडाने फक्त "अरे, अरे" म्हणत. धाकट्याने त्याचा उजवा हात मनगटाला धरून ऐरणीवर ओढला आणि त्यावर पाय दिला.

"याच हाताने सही केलीस?"

"कसली सही? मला सही येत नाही बाबा, अंगठा देतो मी!"

कुणी ऐकावं? वकीलबाई लंगडत पोचली, तिने घणाचा दांडा मागून धरला. धाकट्याने कोपर मारलं. तिचा पुढचा दात तुटून घशात गेला, तो तिने खोकून बाहेर काढला आणि पुन्हा दांडा धरला.

"तो नाही," ती म्हणाली. रक्ताने शब्द बुडबुडत होते. "लोहार नाही. सोड त्याला."

"मग कोण?"

दाराच्या खांबाला धरून बाप उभा होता, धापा टाकत. एवढं अंतर तो त्या गुडघ्याने कसा आला देव जाणे. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"शपथ मी घेतलीय," ती म्हणाली. "तुम्ही नाही घेतलेली."

बापाचे ओठ हलले. तीस वर्षं ज्याचा शब्द शेवटचा, त्याला पहिला शब्द सापडेना.

"मग कोण, बोल!" धाकटा ओरडला, आणि कुणी बोलत नाही असं पाहून त्याने घण वर नेला. तो खाली आला तेव्हा लोहाराची बायको दारात पोचली होती. तिने आपल्या नवऱ्याच्या हाताचं काय झालं ते पाहिलं. तीन बोटं ऐरणीला चिकटून राहिली, बाकीचा हात लोहाराबरोबर खाली आला. लोहार ओरडलाही नाही. तो हाताकडे पाहत बसला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"मी," बाप म्हणाला.

पण आता ऐकायला कुणाला सवड होती? लोहाराचे दोन जावई आणि शेजारचे चार-पाच बाप्ये धावत आले. सांडशी, पहारी, जळतं लाकूड, हाताला लागेल ते. धाकट्याला त्यांनी बाहेर ओढलं आणि धुळीत घालून मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा तो उलट मारत होता, मग नुसता डोकं झाकत होता, मग तेही नाही. सांडशीने त्याच्या बरगडीवर मारलं की पोकळ आवाज यायचा. आठ महिन्यांचा राग होता लोकांचा, प्रत्येकावर कधी ना कधी संशय घेतला गेलेला, त्या प्रत्येकाने एक तरी लाथ घातली. सुरुंगवाल्याने घातली. बोळक्या म्हाताऱ्याने काठी घातली.

"मी दिला जबाब," बाप म्हणत होता. तो गर्दीच्या कडेने फिरत होता, एकेकाचा दंड धरत होता. "अरे, मी दिला. त्याला सोडा, मला मारा. मी दिला." कुणी त्याला ढकललं, कुणी म्हणालं, "वैद्य, बाजूला व्हा, लागेल तुम्हाला." मुलासाठी बाप काहीही बोलतो, असंच त्यांना वाटलं.

ऐकलं ते एकट्या वहिनीने. ती भरली कळशी कमरेवर घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली, सासऱ्याच्या समोर आली.

"वर चढला होतात?" तिने विचारलं.

"नाही."

"खालूनच?"

"खालूनच."

ती थुंकली नाही. तिने एकदा वकीलबाईकडे पाहिलं, तिच्या रक्ताने भरलेल्या तोंडाकडे. "तुम्हाला पाच दिवस ठाऊक होतं," ती म्हणाली. "शेजारी बसून जेवलात." मग तिने कळशी उचलली आणि घरी गेली. धाकट्याला उचलायला पोलीस आले तोवर तिने सगळ्यांचा स्वयंपाक करून झाकून ठेवला होता.

तारखेला वकीलबाई उभी राहिली तेव्हा ओठाला चार टाके होते आणि 'स' म्हणताना दाताच्या फटीतून शीळ वाजत होती. दार बंद होतं. आत साहेब, त्यांचा लेखनिक आणि कार्यालयाचा वकील एवढेच.

"साहेब, आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो, धोका आहे," कार्यालयाचा वकील म्हणाला. "आता एका निरपराध माणसाचा हात गेला. दवाखान्यात मनगटापासून काढला. आणि शपथ कितपत पाळली गेली, तेही विचारावं."

"पाळली?" साहेबांनी विचारलं.

"नाव सांगितलं नाही," ती म्हणाली. "पण 'लोहार नाही' असं बोलले. तेवढी मोडली. आणि ज्या दिवशी मोडायला हवी होती त्या दिवशी मोडली नाही. दोन्ही लिहून घ्या."

लेखनिकाने साहेबांकडे पाहिलं. "लिहा," साहेब म्हणाले. "सनदेचं प्रकरण वर जाईल, वकीलबाई. माझा इलाज नाही."

"जाऊ द्या."

"म्हणजे धोका खरा होता, हे मान्य?" कार्यालयाचा वकील पुढे झाला.

"होता. आणि नाव झाकल्याने तो टळला नाही, दुसऱ्याच्या अंगावर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली." ती थांबली, तोंडातलं रक्त गिळलं. "जबाब देणारा बाहेर बाकावर बसलाय साहेब. स्वतःहून आलाय. त्यालाच विचारा."

बापाला आत आणलं. त्याने उभ्यानेच उत्तरं दिली, खुर्ची घेतली नाही. जबाब माझा. सही माझी. कागद सुनेला द्यावा, माझी हरकत नाही. साहेबांनी चष्मा वर केला. "तुमच्या जिवाला आता काही धोका वाटतो का?"

बापाने प्रश्न नीट तोलला. "मुलगा कोठडीत आहे," तो म्हणाला. "सुटेपर्यंत नाही."

आदेश त्याच दुपारी झाला. प्रत अर्जदाराला द्यावी, आणि मृत्यूच्या कागदातलं ते वाक्य फेरतपासणीला पाठवावं. जिंकलेल्या अपिलात वकील आणि पक्षकार निदान एकमेकांकडे पाहतात. वहिनीने खिडकीवर अंगठा दिला, शिक्का मारलेला कागद घेतला, आणि पायऱ्या उतरून आवारात आली. तिला वाचता येत नव्हतं. वकीलबाईने हात पुढे केला.

"द्या वहिनी, मी वाचते."

"तुम्ही नको, वन्सं."

आवारात पत्र्याखाली एक टंकलेखक बसला होता, लोकांचे अर्ज लिहून देणारा. वहिनी त्याच्यापुढे जाऊन बसली आणि कागद उलगडून दिला. त्याने चष्मा पुसला आणि सपाट आवाजात, भाव न घालता वाचायला सुरुवात केली. "'सदरचा कडा मी स्वतः वर चढून, खालून व दोन्ही अंगांनी ठोकून पाहिला...'"

"थांबा. वर चढून, असं लिहिलंय?"

"हो, लिहिलंय की. 'वर चढून.'"

"पुढे वाचा."

त्याने वाचलं. कडा खणखणीत वाजतो. कुठेही तडा नाही. कामगारांस खाली काम करण्यास भय नाही. मग सही, आणि सहीचं नाव. वकीलबाई दहा पावलांवर उभी होती, बाप पायरीवर गुडघा धरून बसला होता. टंकलेखकाने कागद परत द्यायला हात लांब केला, पण वहिनीने तो घेतला नाही.

"पुन्हा एकदा वाचा," ती म्हणाली. "जरा मोठ्याने."

टंकलेखकाने घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.